टोनीच्या तलावातली बदकं

द सोप्रानोज या अमेरिकन सिरीजचा पहिलाच शॉट बघा. एक दांडगा माणूस वेटिंग रूममध्ये बसलाय आणि समोरच्या नग्न बाईच्या पुतळ्याकडे टक लावून बघतोय. आता अडल्ट सिरीज म्हटल्यावर आपण जे मनात धरून बसतो ते हेच का, असं वाटतं, पण त्या माणसाचा चेहरा बघाल तर तो पार गोंधळलेला आहे, कोडं घातल्यासारखा. हा टोनी सोप्रानो, न्यू जर्सीचा माफिया, आणि ही वेटिंग रूम मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंची.

१० जानेवारी १९९९ ला एचबीओवर द सोप्रानोज सुरू झाली. त्याआधी १९९७ मध्ये तिथेच ऑझ नावाची सिरीज आली होती, जेलमधली, आणि ती खरंच अंगावर येते. सोप्रानोज तशी येत नाही. इथे माफियाच्या स्विमिंग पुलात बदकं येऊन राहतात, पिल्लं काढतात, एक दिवस उडून जातात, आणि हा एवढा माणूस चक्कर येऊन बार्बेक्यूपाशी आडवा. म्हणून डॉक्टर.

आता असं निवांत दाखवणं जमलं कसं, तर पैशामुळे, सरळ आहे. अमेरिकेत साध्या अँटेनावर दिसणाऱ्या चॅनलना सरकारी नियम, सकाळी सहा ते रात्री दहा अश्लील काही दाखवायचं नाही, आणि वर जाहिरातवाल्यांची नाराजी वेगळीच. एचबीओचं तसं नाही, १९७२ पासून ते लोकांकडून महिन्याचे पैसे घेतात, मध्ये जाहिरात नाही, त्यामुळे दर दहा मिनिटांनी दचकवून माणसाला खुर्चीत बसवून ठेवायची गरज नाही. शिव्या आणि उघडी अंगं सगळ्यांच्या लक्षात राहतात. पण मला पहिल्यांदा जाणवला तो संथपणा, लोक नुसते जेवतायत, गप्प बसलेत. आपल्याकडे एचबीओ म्हणजे २०२० मध्ये बंद होईपर्यंत इंग्लिश पिक्चरचं चॅनल होतं, आणि तेही मध्ये जाहिराती आणि शिव्यांवर कात्री, त्यामुळे हे असलं काही तिकडे बनत होतं याचा आपल्याला पत्ताच नव्हता!

मग येतो पाचवा एपिसोड, कॉलेज. टोनी पोरीला घेऊन मेन राज्यात कॉलेजं बघायला निघालाय, गाडीत पोरगी सरळ विचारते, बाबा तुम्ही माफियात आहात का. तो आधी उडवून लावतो, मग थोडंसं कबूल करतो. आणि त्याच ट्रिपमध्ये त्याला दिसतो एक जुना साथीदार, पोलिसांना फितूर होऊन नाव बदलून राहिलेला, आणि हा बाप त्याला वायरने गळा आवळून मारतो, स्वतःच्या हाताने, अगदी वेळ घेऊन. एचबीओच्या साहेबांना धास्ती होती की लोक याचा तिरस्कार करतील. सिरीज लिहिणारा डेव्हिड चेज म्हणाला, नाही मारलं तर हा गुंड कसला. मला मात्र टोनीपेक्षा माझीच भीती वाटली, कारण तो पकडला जाऊ नये म्हणून मी देव पाण्यात घातले होते.

मी ही बघितली खूप उशिरा, घरी हॉलमध्ये, बाबा शेजारी. लाज वाटेल तिथे म्यूट करायला रिमोट हातात धरूनच बसलो होतो. बाबांना माफियाशी काही देणंघेणं नव्हतं, पेपर चाळत होते. टोनी आईला वृद्धांच्या सोसायटीत घेऊन गेला, भारीतली जागा, तो बिचारा समजावतोय, आणि लिव्हिया नावाची ती म्हातारी असा काही तमाशा करते की विचारू नका, जग तिच्यावर उठलंय म्हणे. बाबांनी पेपर खाली ठेवला. त्या सीनमध्येही एक सणसणीत शिवी आली, मी घाईघाईने म्यूट दाबलं.

"अरे आवाज कर ना," बाबा म्हणाले, "म्हातारी काय म्हणतेय ऐकू येईना."