जाहिरातीतली नावं आणि त्याखालचं काम

मित्रमैत्रिणींनो, वेब प्रोग्रामिंगच्या नोकरीची जाहिरात वाचून खचलेली मुलं मला नेहमी भेटतात. एका जागेसाठी बारा-पंधरा तंत्रज्ञानांची नावं असतात. रिअ‍ॅक्ट, नोड, टाइपस्क्रिप्ट, डॉकर, दोन-तीन डेटाबेस. मुलं विचारतात, यातलं निम्मंच येतं, अर्ज करू का? जरूर करा. अशी यादी बऱ्याचदा एका माणसाच्या कामाची नसते. अख्खी टीम जे जे वापरते ते सगळं एकत्र करून लिहिलेलं असतं.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. ही यादी वाचून मुलं नावांच्या मागे धावतात, आणि नावं टिकत नाहीत.

फ्लॅशचं उदाहरण घ्या. एके काळी वेबवरचे गेम, हलती चित्रं, व्हिडिओ हे सगळं फ्लॅशवर चालायचं. फ्लॅश येणाऱ्याला मागणी होती. आयफोनने फ्लॅशला जागाच दिली नाही, २०१० मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांनी त्याची कारणं जाहीर पत्रात मांडली, आणि ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबवला. ज्यांना फक्त त्या सॉफ्टवेअरची बटणं ठाऊक होती, त्यांच्या हातातलं कौशल्य निरुपयोगी झालं. पण फ्लॅशची भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि आपली जावास्क्रिप्ट, दोघी एकाच मानकाला, म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांना, धरून आहेत, इक्मास्क्रिप्टला. इव्हेंट (क्लिक, दाबलेली कळ) म्हणजे काय, चित्र पडद्यावर हलतं कसं, हे ज्यांना मुळातून कळलं होतं, त्यांना पलीकडच्या काठावर जाणं जमण्यासारखं होतं. जावास्क्रिप्टमधलं काम सोपं करणाऱ्या तयार चौकटींची, म्हणजे लायब्ररी-फ्रेमवर्कची, नावंही अशीच बदलत गेली. जेक्वेरी २००६ ची, अँग्युलरजेएस २०१० ची, रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. यातल्या अँग्युलरजेएसचा पाठिंबा २०२१ संपताना थांबला.

आता दुसरी बाजू, टिकून राहिलेल्या गोष्टी बघा. डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएल १९७० च्या दशकातली आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते एचटीटीपी आणि पान ज्यात लिहितात ते एचटीएमएल, दोन्ही टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन केंद्रात वेब उभी केली तेव्हापासूनची. जावास्क्रिप्ट १९९५ ची. ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत लिहिला, आणि तीच आज प्रत्येक ब्राउझरमध्ये चालते. मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारतो. पत्ता टाइप करून एंटर दाबलं, तेव्हापासून पान दिसेपर्यंत काय काय घडतं? जे उमेदवार डीएनएसपासून (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं) सुरुवात करून विनंती, उत्तर, कुकी (ब्राउझरने जपलेली छोटी नोंद), कॅश (जवळ ठेवलेली प्रत) असं अडखळत का होईना पण सांगत जातात, त्यांना कोणतंही फ्रेमवर्क शिकायला फार वेळ लागत नाही. उलट, फ्रेमवर्क पाठ असलेले कितीतरी जण ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) आणि ४०४ (पान सापडलं नाही) या कोडमधल्या फरकाशी अडतात.

आणि आता एआय. कोड सुचवणारं गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आलं, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये. नेमक्या त्याच सुमारास व्याजदर वाढले आणि मोठ्या कंपन्यांनी नोकरकपात केली. त्यामुळे नवख्यांच्या जागा कमी झाल्या त्यातला किती भाग कशामुळे, हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा. एवढं मात्र दिसतं की साधा फॉर्म, साधी यादी, लॉगिनचं पान असं जे काम नवीन माणसाला हात बसावा म्हणून दिलं जायचं, ते आता यंत्र काही मिनिटांत लिहून देतं. नवशिक्यांसाठी हे कठीण आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मग माणूस कशाला हवा? यंत्राने लिहिलेला कोड वाचायला. समजा, त्या कोडमध्ये वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव सरळ एसक्यूएलच्या वाक्यात जोडलेलं आहे. पान चालतं, चाचणी पास होते. पण नावाच्या रकान्यात कुणी अवतरणचिन्ह टाकून पुढे स्वतःची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, लिहिली, तर अख्खा डेटाबेस उघडा पडू शकतो. उपाय जुना आणि सोपा आहे, मूल्यं वाक्यात न जोडता पॅरामीटर म्हणून वेगळी द्यायची. तो कोड पाहताच ज्याची नजर तिथे अडते, त्याला मी नोकरी देईन. ही नजर दुसऱ्यांचा कोड वाचून, बिघाड शोधून तयार होते.

आणखी एक काम आहे, सुगम्यतेचं, ज्याकडे फार कमी मुलं बघतात. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ऑनलाइन खरेदी, बँकसेवा अशा अनेक सेवा अपंग व्यक्तींना वापरता येणं कायद्याने बंधनकारक झालं आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून, माऊस बाजूला ठेवून आपलंच पान एकदा वापरून बघा. बटण म्हणून डिव्ह टॅग (एचटीएमएलमधला नुसता चौकोन) वापरला असेल तर काय होतं ते लगेच कळेल.

मघाशी इथे कुणीतरी विचारलं, पीएचपी, ही सर्व्हरवर चालणारी जुनी भाषा, शिकणं म्हणजे वर्ष वाया घालवणं का? अजिबात नाही. संकेतस्थळं बनवायचं साधन वर्डप्रेस २००३ पासून पीएचपीवर उभं आहे आणि जगातली ४० टक्क्यांहून जास्त संकेतस्थळं त्यावर चालतात. ती कुणीतरी सांभाळावी लागतात. जुनं प्लगइन (वरून जोडलेला भाग) अद्ययावत करताना साइट कोसळली, तर ती रात्रीत परत उभी करणारा माणूस लागतो. शिकायचं असेल तर एक छोटी साइट स्वतः सर्व्हरवर चढवा आणि सहा महिने चालू ठेवा. बॅकअप घ्या, आणि तो परत चढवून बघा. मुलाखतीला याल तेव्हा त्या सहा महिन्यांत काय काय बिघडलं ते मला सांगा.