विझत गेलेले दिवे

नमस्कार, श्रोतेहो.

पाऊस लागला की वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत मोबाइलची रेंज पडवीच्या एका कोपऱ्यापुरती उरते. २०१९ च्या जूनमध्ये त्याच कोपऱ्यात पाटावर बसून मी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेचा शेवटचा सीझन बघितला, तो ३६०पी मध्ये, म्हणजे कमी रेझोल्यूशनच्या धूसर चित्रात. त्याच्या वर गेलं की चित्र थांबायचं आणि मधोमध चक्र फिरत राहायचं.

बोलाचालीचे प्रसंग निभावले. चेहरा जवळ असला आणि आवाज नीट आला की माणूस कळतो. पण तिसऱ्या भागातली ती रात्रीची लढाई! हजारो घोडेस्वारांच्या वाकड्या तलवारी एकदम पेट घेतात, स्वार काळोखात शिरतात आणि गडावरची माणसं लांबून ते दिवे विझताना बघत राहतात. माझ्या पडद्यावर नुसते काळे-करडे चौकोन थरथरत होते. कोणी पडलं तर ते मला ओरडण्यावरून कळायचं.

असं का होतं? ३६०पीच्या चित्रात सुमारे २ लाख ३० हजार ठिपके असतात, १०८०पीमध्ये त्याच्या नऊपट. त्यातून नेटवर पाठवताना चित्र दाबून लहान करतात. डोळ्याला सहसा जाणवणार नाही असं वाटतं ते आधी काढून टाकतात, आणि काळोखातले बारीक फरक त्यातच जातात. धुरातला काळा, बर्फावरचा निळसर काळा, चिलखतावरचा काळा, सगळे एकाच डागात मिसळतात. ज्या लढाईसाठी कलाकार-तंत्रज्ञ ५५ रात्री जागले, जिचा काळोख छायालेखक फॅबियन वॅगनर यांनी मुद्दाम तसा ठेवला, तिचं एवढंच माझ्यापर्यंत पोचलं.

कोणी म्हणेल, गोष्ट कळली ना, मग झालं. आपल्या दशावतारात तरी काय असतं? एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. खरं आहे, आणि त्या बाकड्यावर माझा फार जीव आहे. पण तिथे डोंगर उभा करायचं काम नटाने स्वतःच्या अंगावर घेतलेलं असतं, आपण पखवाजाच्या थापेवर तो बघतो. इथे डोंगर कोणीतरी खपून रंगवलेला आहे आणि आपल्या हाती येताना तो पुसला गेलाय. या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत.

म्हणून मी आता काय करते ते सांगते. दरबारातल्या मसलती कमी रेझोल्यूशनवर बघून घेते. लढाईचा, ड्रॅगनचा भाग आला की थांबते. उत्तररात्री रेंज मोकळी असते, तेव्हा क्वालिटी ‘ऑटो’वर न सोडता स्वतः वाढवून डाउनलोडला लावते. बघताना पडवीतला दिवा बंद.

त्या दिवाळीत कुडाळला बहिणीकडे मोठ्या टीव्हीवर तोच भाग पुन्हा लावला. आई शेजारी वाती वळत बसली होती. तिला गोष्टीतलं काही ठाऊक नव्हतं. स्वार काळोखात शिरले, ठिणग्यांएवढे दिवे एकेक करत कमी झाले, शेवटचा गेला. आईचा हात थांबला.

“गेले गो सगळे,” ती म्हणाली.

तिचं माहेर मच्छीमारांचं. वादळाच्या रात्री किनाऱ्यावर उभं राहून होड्यांचे दिवे मोजलेत तिने.