केसपेपरवरचं अधिक चिन्ह

(सांगलीत दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर आणि दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय, 'दंतवैद्यांना क्लिनिकल संशोधनासाठी कसं तयार करावं'. त्यावर येतोच. आधी एक केसपेपर दाखवतो, बरोबर आणलाय. मागच्या रांगेला दिसणार नाही, म्हणून वाचतो. 'स्त्री, ४८. ४६ काढली. मिश्री. पांढरा चट्टा +.' ४६ म्हणजे खालची उजवी दाढ, आणि अधिक चिन्ह म्हणजे नुसतं 'आहे'. संपलं. अक्षर माझंच आहे.

या मावशी तासगावकडच्या. द्राक्षाच्या बागेत रोजानं जायच्या. दाढ ठणकायला लागली म्हणून मिरजेला माझ्याकडे आल्या. दाढ काढताना गाल बाजूला ओढला, तर हिरडी आणि गालाच्या मधल्या खाचेत, मिश्री जिथं साठून राहते नेमकं तिथंच, पांढरा चट्टा. कापसानं पुसला, निघाला नाही. म्हटलं, "मावशी, मिश्री सोडा, आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या." त्या म्हणाल्या, "येते की."

साडेचार वर्षांनी आल्या. सुनेनं हाताला धरून आणलं होतं. "डाक्टर, तिखट सोसंना झालंय बघा," एवढंच बोलल्या. चट्ट्याच्या जागी जखम होती आणि तिच्या कडा बोटाला टणक लागत होत्या. तुकडा तपासायला पाठवला. भीती होती तेच निघालं, कॅन्सर. पुढं ज्या सर्जननी ऑपरेशन केलं, त्यांनी मला फोनवर विचारलं, डॉक्टर, चट्टा तेव्हा केवढा होता? नुसता पांढरा, की मधे लाल ठिपके होते? मिश्री दिवसातून किती वेळा, किती वर्षं? मी हा कागद हातात धरून उभा. कागदावर अधिक चिन्ह.

मावशींच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला. नंतर सहा वर्षं त्या तपासायला येत राहिल्या, कधी चुकल्या नाहीत. पंधरा दिवसांनी त्या आल्या नाहीत, हा दोष मी बरीच वर्षं त्यांच्याच माथी मारत होतो. पण त्या आल्या नाहीत हे मला कळायला माझ्याकडे काय होतं? वही नाही, तारीख नाही, गावातल्या कुणाचा निरोप्या नाही.

संशोधन म्हटलं की आपली मुलं लगेच आकडेशास्त्राकडे पळतात. संशोधन सुरू होतं ते त्या अधिक चिन्हाच्या जागी मिलिमीटर लिहिण्यापासून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी १९६०च्या दशकात खेडोपाडी घरोघर गेले आणि लोकांची तोंडं तपासली. १९७२ साली त्यांनी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची पाहणी छापली. एक लाखाच्या वर तोंडं! हातात काय होतं, तर आरसा, बॅटरी आणि छापील तक्ता. इतर राज्यांतल्या गावांत तर त्यांच्या चमूनं तीच माणसं दहा वर्षं पुन्हा पुन्हा गाठली. म्हणून पांढऱ्या चट्ट्याचं पुढं काय होतं हे आज आपण पेशंटला सांगू शकतो.

आणि हे फक्त मोठ्या संस्थांचं काम आहे असं समजू नका. स्कॉटलंडमध्ये नॉर्ना हॉल नावाच्या एक साध्या प्रॅक्टिस करणाऱ्या दंतवैद्य होत्या. लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढेवर, इंजेक्शन न देता, कीड न कोरता, त्या स्टीलची टोपी बसवायच्या. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबी हे चूक. पण बाईंकडे प्रत्येक दाढेची नोंद होती. त्या नोंदी २००६ साली छापून आल्या, २००७ साली १७ दंतवैद्यांच्या दवाखान्यांत १३२ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, आणि आज हॉल टेक्निक आपल्याकडेही शिकवतात. नोंदी नसत्या तर ती पद्धत त्यांच्याबरोबरच संपली असती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत म्हणून. तर आता विषय.

पहिलं, हात. डब्ल्यूएचओ प्रोब म्हणजे दात आणि हिरडीमधल्या कप्प्याची खोली मोजायची बारीक सळई. तिच्या टोकाला ०.५ मिलिमीटरचा गोळा असतो, काळा पट्टा ३.५ ते ५.५ वर. तोच प्रोब, तोच हिरडीचा कप्पा, आणि दोन इंटर्न ४ आणि ६ सांगतात. कारण एक दाबतो, दुसरा नुसता टेकवतो. दोघांचं मोजमाप जुळेपर्यंत एकही पेशंट अभ्यासात घ्यायचा नाही. हे कॅलिब्रेशन बीडीएसच्या, म्हणजे पदवीच्या, तिसऱ्या वर्षीच शिकवा, एमडीएसची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, वाट बघू नका.

दुसरं, मोजणी. एका तोंडातले २८ दात म्हणजे २८ पेशंट नव्हेत. लाळ एक, सवयी एक, ब्रश एक. हे विसरून केलेले प्रबंध मी डझनानं तपासलेत, फार वाईट वाटतं. आकडेतज्ज्ञाकडे जायचं ते माहिती गोळा करण्याआधी. शेवटच्या महिन्यात तो काय करणार?

तिसरं, संमती. आठ पानी छापील मराठीखाली अंगठा घेतला म्हणजे संमती झाली का? 'यादृच्छिक वाटप' म्हटलं की पेशंट मान डोलावतो आणि त्याला काही कळत नाही. 'कुठला उपचार मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरणार, मी ठरवणार नाही,' असं म्हणा. भिशी लावणाऱ्या बाईला ते एका वाक्यात कळतं, आणि नको असेल तर ती नाही म्हणते. तिला नाही म्हणू द्या.

चौथं, पाठपुरावा. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामापुरत्या इथं असतात, कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की गावी जातात. सहा महिन्यांचा अभ्यास जानेवारीत सुरू केलात तर माणसं जूनमध्ये शोधणार कुठं? आराखडा हंगाम बघून आखा, मुकादमाचा फोन नंबर घ्या.

बाकीचं भरभर सांगतो. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची शिष्यवृत्ती बीडीएसलाही खुली आहे, अर्ज करा. चाचणीची सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी, २०१८ च्या एप्रिलपासून नंतरची नोंदणी चालत नाही. एमडीएसला पहिल्या सहामाहीत घाईनं विषय द्यायचा आणि तीन वर्षांनी कपाटात ठेवायचा, हे थांबवायचं तर मार्गदर्शकाला त्या कामासाठी आठवड्यातला एक अख्खा दिवस मोकळा द्या. आणि एमडीएसनंतर दोन वर्षं पगारी संशोधन-पद हवं. क्लिनिकचे हप्ते भरणारा मुलगा फुकट संशोधन करणार नाही, त्याला दोष देऊ नका.

दुसरी चिठ्ठी आली. बाहेर टेबलावर वही ठेवलीय. मिश्री लावणाऱ्या पेशंटच्या चट्ट्यांची नोंद ज्यांना आपापल्या दवाखान्यात सुरू करायचीय, त्यांनी नाव आणि नंबर लिहा. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मिरजेत माझ्याकडे या, मोजमाप जुळवून बघू. प्रोब आपापला आणा.