९६ आणि १०५ : स्पायरोग्राफच्या दात्यांविषयी

मित्रहो, माझ्या हातात प्लॅस्टिकचे जे कडे आहे त्याच्या आतल्या काठावर ९६ दाते आहेत आणि बाहेरच्या काठावर १४४. पेटीतल्या दुसऱ्या कड्याला आतून १०५ आणि बाहेरून १५० दाते आहेत. स्पायरोग्राफ हे खेळणे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी हाताळले असेल. कडे टाचण्यांनी कागदावर पक्के करायचे, त्यात एक दातेरी चाक बसवायचे, चाकाच्या एखाद्या छिद्रात बॉलपेनचे टोक घालायचे आणि चाक कड्याच्या काठाने फिरवत न्यायचे, एवढीच त्याची कृती. थोड्याच फेऱ्यांत कागदावर असे फूल उमटते की ते आपल्याच हाताने काढले आहे यावर विश्वास बसत नाही. आज मी मुख्यतः या चार संख्यांविषयी बोलणार आहे, कारण फुलाला किती पाकळ्या येऊ शकतील हे पेन कागदाला टेकण्यापूर्वीच त्यांनी ठरवून टाकलेले असते.

एका वर्तुळाच्या काठाने दुसरे वर्तुळ गडगडत गेले तर त्यावरचा एखादा बिंदू कोणता मार्ग आखील, हा प्रश्न या खेळण्याहून फार जुना आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने ग्रहांच्या वक्री होण्याची उपपत्ती वर्तुळावर फिरणाऱ्या वर्तुळांच्या आधारेच मांडली होती. पुढे १५२५ साली जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने आपल्या भूमितीच्या ग्रंथात या कुळातल्या वक्रांचे वर्णन केले, आणि १७५२ मध्ये इटलीत जांबात्तिस्ता स्वार्दी याने असे वक्र आपोआप काढणारी, बदलता येणाऱ्या दातेरी चाकांची ‘भूमितीय लेखणी’ प्रसिद्ध केली. १८२७ मध्ये पीटर ह्यूबर्ट देविन्य या वास्तुविशारद-अभियंत्याने स्पायराग्राफ नावाचे यंत्र पुढे आणले. १८४५ ते १८४८ या काळात व्हिएन्नात काम करताना त्याने त्याच यंत्राची एक आवृत्ती चलनी नोटांची नक्कल रोखण्यासाठी घडवली. यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. गुंतलेली नक्षी डोळ्यांना दिसते, पण ती कोणत्या चाकांच्या जोडीतून आणि पेनाच्या किती अंतरातून निर्माण झाली हे नक्षीकडे पाहून उलगडणे अतिशय कठीण असते. नोटेवरच्या त्या जाळीदार नक्षीत आणि मुलांच्या पेटीतल्या फुलांत भूमितीचे नाते असे अगदी जवळचे आहे. अमेरिकेत १९०८ च्या एका टपाल-विक्री सूचीत ‘वंडरग्राफ’ नावाने याच जातीचे खेळणे विकायला होते, म्हणजे मुलांच्या हाती ही कल्पना देण्यातही आपले खेळणे पहिले नव्हते.

मग १९६५ मध्ये नवे काय घडले? डेनिस फिशर हे इंग्लंडमधील लीड्सचे अभियंते. घरच्या व्यवसायातून बाहेर पडून त्यांनी १९६० मध्ये स्वतःची अभियांत्रिकी कंपनी काढली होती आणि नाटोसाठी स्प्रिंगा व तोफांचे अचूक सुटे भाग बनवण्याचे काम मिळवले होते. १९६२ ते १९६४ या काळात त्यांनी रेखाटणाऱ्या यंत्रांचे निरनिराळे नमुने करून पाहिले आणि त्यांतूनच स्पायरोग्राफ साकारला. १९६५ मध्ये न्यूरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय खेळणी मेळ्यात तो मांडला गेला, त्याच वर्षी लीड्सच्या स्कोफील्ड्स या मोठ्या दुकानात त्याची विक्री सुरू झाली, १९६६ मध्ये केनर या कंपनीने तो अमेरिकेत नेला आणि १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये तो वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळणे ठरला. या यशाच्या मुळाशी मला दोन साध्या वस्तू दिसतात. साच्यात ओतून काढलेल्या प्लॅस्टिकमुळे शेकडो दाते एकसारखे आणि स्वस्तात मिळू लागले, ही पहिली. दुसरी वस्तू म्हणजे बॉलपेन. शाईच्या पेनाच्या निबेला दिशा असते आणि उलट्या दिशेने ढकलली की ती कागदात रुतते. इथे तर पेनाची दिशा क्षणोक्षणी बदलते, आणि कोणत्याही दिशेला सारखेच फिरणारे गोळीचे टोक या कामासाठी जणू घडवलेले आहे.

आता दाते कशासाठी, ते पाहू. गुळगुळीत कड्यात गुळगुळीत चाक फिरवले तर ते घसरेल ही अडचण आहेच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. दोन गुळगुळीत वर्तुळांच्या परिघांचे गुणोत्तर कधीच नेमके साधत नाही, आणि ते थोडे जरी चुकले तरी रेषा आपल्या सुरुवातीच्या बिंदूवर परत येत नाही. ती दर फेरीला किंचित बाजूला पडत जाते आणि शेवटी सगळा कागद भरून काळा होतो. दाते आले की परीघ मोजायचा प्रश्न उरत नाही, तो मोजून ठेवलेलाच असतो. दोन पूर्णांकांचे गुणोत्तर मिळते, आणि पूर्णांकांचे गुणोत्तर असेल तर आकृतीला मिटावेच लागते.

ती कधी मिटते? ९६ च्या कड्यात ६३ दात्यांचे चाक घ्या. पेनाचे छिद्र चाकाच्या ज्या काठाजवळ आहे, तो काठ कड्याला भिडला की पाकळीचे टोक उमटते. पहिले टोक शून्य क्रमांकाच्या दात्यापाशी उमटले असे समजू. चाक आपला सगळा परीघ एकदा गडगडले की ते ६३ दाते पुढे गेलेले असते, म्हणून दुसरे टोक ६३ व्या दात्यापाशी येते. तिसरे १२६ व्या दात्यापाशी यायला हवे, पण कड्याला ९६ च दाते असल्याने एक फेरी पुरी होऊन ते ३० व्या दात्यापाशी पडते. चौथे ९३ व्या, पाचवे ६० व्या. हे असे किती वेळा चालेल? पुढे गेलेल्या दात्यांची बेरीज जेव्हा ६३ नेही भागली जाईल आणि ९६ नेही, तेव्हा पेन पुन्हा आरंभबिंदूवर असेल. शाळेत आपण ज्याला लसावि म्हणत होतो तो हाच. ९६ आणि ६३ यांचा लसावि २०१६ आहे; २०१६ ला ६३ ने भागले की ३२ येतात, त्या पाकळ्या; ९६ ने भागले की २१ येतात, त्या कड्याभोवतीच्या फेऱ्या. शाळेत लसावि काढताना तो कशाला हवा असतो हे मला कधी कळले नव्हते. कागदावर बत्तिसावी पाकळी पहिलीला येऊन मिळताना पाहिली तेव्हा ते कळले.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक रोचक आहे. कड्याच्या दात्यांना कडे आणि चाक यांच्या दात्यांच्या मसाविने भागले तरी पाकळ्यांचीच संख्या मिळते, आणि याचा अर्थ असा की पाकळ्यांची संख्या ही नेहमी कड्याच्या दात्यांची विभाजक असते. चाक कोणतेही घ्या, या नियमातून सुटका नाही. ९६ चे विभाजक २, ३, ४, ६, ८, १२ असे चढत जातात. त्यांत पाच नाही, सात नाही, नऊ नाही. ९६ च्या कड्यातून पाच पाकळ्यांचे फूल काढण्यासाठी कोणी दिवसभर बसले तरी ते निघणार नाही. १०५ म्हणजे ३, ५ आणि ७ यांचा गुणाकार. तिथे पाच आणि सात दोन्ही मिळतात, पण ती विषम संख्या असल्यामुळे सम पाकळ्या एकदाही मिळत नाहीत. म्हणजे एका कड्यात जे नाही ते दुसऱ्यात आहे. नऊ पाकळ्या हव्या असतील तर आतल्या काठांचा उपयोग नाही. १४४ च्या बाहेरच्या काठावरून ६४ दात्यांचे चाक चार फेऱ्या फिरवावे लागते. या खेळण्याची खरी रचना मला या चार संख्यांच्या निवडीत दिसते. दोन्ही कडी ९६ आणि १०० दात्यांची असती तर तेच प्लॅस्टिक, तेच पेन असूनही सात पाकळ्यांचे फूल पेटीतून कायमचे वगळले गेले असते.

पाकळ्या सारख्या असल्या तरी आकृती सारखी असतेच असे नाही. १०५ च्या कड्यात ३०, ४५ आणि ६० या तिन्ही चाकांनी सातच पाकळ्या येतात, कारण तिन्हींचा १०५ शी मसावि १५ आहे. मात्र पहिले चाक दोन फेऱ्यांत काम संपवते, दुसरे तीन आणि तिसरे चार फेऱ्यांत. काठाजवळचे छिद्र घेतले तर ३० च्या चाकाने मध्यभागी रुंद मोकळी जागा राहते, आणि ४५ च्या चाकाने ती पुष्कळच आकसते. उलट टोकाला १०५ आणि ५२ ही जोडी आहे. यांना एकाशिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणून १०५ टोके आणि ५२ फेऱ्या. धीर धरणाऱ्यालाच ही आकृती मिळते.

एक जोडी या सगळ्यांहून वेगळी आहे. ९६ च्या कड्यात बरोबर निम्म्या, म्हणजे ४८ दात्यांचे चाक घातले की फूल येतच नाही. एकाच फेरीत एक स्वच्छ लंबवर्तुळ उमटते. छिद्र जितके काठाजवळ घ्यावे तितके ते चपटे होत जाते, आणि पेन नेमके काठावर धरता आले असते तर ते पूर्ण चपटे होऊन सरळ रेषा झाली असती. दोन वर्तुळांच्या फिरण्यातून सरळ रेषा मिळते हे नसिरुद्दीन तुसी या इराणी खगोलज्ञाने १३ व्या शतकात सिद्ध केले आणि ग्रहगतीच्या गणितात वापरले; कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथातही हीच रचना आढळते. खेळण्याच्या चाकात मात्र काठाची जागा दात्यांनी व्यापलेली असल्याने तिथे छिद्र पाडता येत नाही, म्हणून आपल्याला रेषेच्या अगदी जवळ जाणारे अरुंद लंबवर्तुळ मिळते, प्रत्यक्ष रेषा मिळत नाही.

शेवटी चुकीविषयी. हे खेळणे वापरणाऱ्या प्रत्येकाचे चाक कधी तरी उसळून एक दाता पुढे सरकलेले असते आणि चांगली चाललेली आकृती बिघडलेली असते. टाचण्या हलल्यानेही हेच होते. २०१३ मध्ये काहूट्झ या कंपनीने खेळणे नव्याने आणले तेव्हा टाचण्यांऐवजी चिकटणारी लुकणासारखी लगदी दिली. परंतु एका दात्याचे सरकणे जाणूनबुजून करून पाहा. ९६ आणि ६३ यांचा मसावि ३ आहे, आणि पाकळ्यांची टोके दर तिसऱ्या दात्यापाशी पडलेली आहेत. आकृती पुरी झाल्यावर चाक उचलून तोच दाता कड्याच्या पुढच्या खाचेत बसवा आणि दुसऱ्या रंगाचे पेन घ्या. नव्या ३२ पाकळ्या जुन्यांच्या शेजारी, एकेका दात्याच्या अंतरावर उमटतील. आणखी एक दाता पुढे जा, तिसरा रंग घ्या, आणि कड्याच्या ९६ च्या ९६ दात्यांसमोर एकेक टोक उभे राहील. तिसऱ्यांदा सरकवलेत तर पेन पहिल्याच रंगाच्या रेषेवरून चालू लागेल.