उडी भरली, गुडघा भरला का?

जमिनीवर मेजर टेप अंथरली आहे. खेळाडू एका पायावर उभा राहतो, पुढे झेप घेतो आणि त्याच पायावर उतरतो. उतरल्यावर दोन सेकंद तोल सांभाळला, तरच उडी धरायची. समजा, चांगल्या पायाची उडी 160 सेंटिमीटर आणि एसीएलची (गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झालेल्या पायाची 150 भरली. म्हणजे जवळपास 94 टक्के. नव्वद टक्क्यांची नेहमीची अट पार झाली. मग सोडायचं मैदानात?

थांबा. तीच उडी बाजूने, संथ गतीत बघा. चांगल्या पायावर उतरताना गुडघा नीट वाकतो आणि बराचसा दणका मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. दुसऱ्या पायावर मात्र गुडघा ताठ राहतो, धड कमरेतून पुढे झुकतं. गुडघ्याचं काम खुब्याने अंगावर घेतलं, आणि टेपला ते कळलंच नाही. पुढे झेप घेताना मुळात जोर लावतात ते खुबा आणि घोटा. गुडघ्याचा वाटा थोडाच. त्यामुळे एका पायावर सरळ वर उडी मारायला लावा. गुडघ्यातली उणीव तिथे जास्त उघडी पडते.

मांडीचा हा पुढचा स्नायू मागे का राहतो? गुडघ्यात सूज असली की त्याला मिळणारा मज्जातंतूंचा संदेशच दबतो. खेळाडूने कितीही जोर लावला तरी स्नायू पूर्ण आवळत नाही. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा आणि मगच वजन वाढवायचं. इथे घाई केली की सूज परत येते आणि ताकदीचं काम पुन्हा मागे पडतं.

टक्केवारीतही एक फसगत आहे. बसून राहिल्याने चांगला पायही उतरतो. समजा, दुखापतीआधी त्याची ताकद 200 न्यूटन-मीटर होती, आज 170 आहे. दुखऱ्या पायाने 153 दिले की कागदावर 90 टक्के लागतात. जुन्या 200 शी ताडून बघितलं तर 77 सुद्धा भरत नाहीत! म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच सगळ्या खेळाडूंची मोजणी करून ठेवावी. ती नसेल तर निदान शस्त्रक्रियेआधी चांगला पाय मोजून घ्यावा.

महिन्यांचा हिशेबही सोडून चालत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण निम्म्याने घटलेलं दिसलं. पण नऊ महिने भरले एवढ्यावर परवानगी देता येत नाही.

मैदानावर सरळ धावणं लवकर जमतं. खरी कसोटी ब्रेक मारण्याची. बचाव करताना प्रतिस्पर्ध्यावर धावून जायचं आणि त्याने चेंडू वळवताच एका पायावर थांबून दिशा बदलायची: एसीएल बऱ्याचदा इथेच, कुणाचा धक्का न लागता तुटतो. शंकूंभोवतीची वळणं खेळाडूला आधीपासून पाठ असतात. त्यामुळे पुढच्या टप्प्यात वळायची बाजू त्याला ऐन वेळी कळू द्या, आणि मग समोर चेंडूसकट माणूस उभा करा.

उड्यांची चाचणी सहसा ताज्या पायांवर घेतली जाते. तीच एकदा पूर्ण सरावानंतर, पाय जड झालेले असताना घ्या. कॅमेरा बाजूलाच ठेवा, आणि नजर टेपवर नाही, गुडघ्यावर.