आकडे चिकटवणारे हात

[दृश्य: कटिंग प्लॉटरचं पातं, अगदी जवळून]

पातं खालच्या कागदाला लागत नाही. वरचा काळा व्हिनाइल तेवढा कापतं. धार जरा जास्त बाहेर आली की कागदही फाटतो आणि सगळी शीट वाया जाते. कमी पडली की अक्षर सुटत नाही.

जालना. नव्या मोंढ्याकडून येणाऱ्या रस्त्यावरचं रेडियम कटिंगचं दुकान. दिवसा इथं ट्रॉलीच्या फाळक्यावरची नावं, बैलजोडीची चित्रं, 'एमएच २१' चे आकडे कापले जातात. आत्ता कापलं जातंय ते मात्र कोणत्याही ट्रॉलीवर जाणार नाही. ते एका अंतराळयानाचं कंट्रोल पॅनल आहे. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन', अमेरिकेत १९८७ ते १९९४ या काळात दाखवलेली मालिका.

मालिकेतली दृश्यं या फिल्ममध्ये नाहीत, ती आपल्या हक्काची नाहीत. आहे ते हे दुकान, वरच्या मजल्यावरचा टीव्ही आणि एक वही.

[दृश्य: वही. लाल रेघांचे रकाने]

वहीत प्रत्येक भागाला एक ओळ. पहिला रकाना भागाच्या नावाचा. दुसरा तो कितवा चित्रित झाला, तिसरा कितवा दाखवला गेला. चौथा स्टारडेटचा, म्हणजे यानाच्या कप्तानाच्या नोंदीतली तारीख. पाचवा सगळ्यात रुंद: काय जुळत नाही.

दुसरा आणि तिसरा रकाना वेगळे का, हे १९६६ च्या मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेच्या पहिल्याच पानावर कळतं. ८ सप्टेंबर १९६६ ला प्रेक्षकांनी पहिला भाग म्हणून 'द मॅन ट्रॅप' पाहिला. त्याच्या आधी चित्रित झालेला 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' दाखवला तिसरा. म्हणून तिसऱ्या आठवड्यात यानावरच्या लोकांचे गणवेश एकदम बदलतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यासारखे होतात. त्याच भागात कप्तान कर्कसाठी खोदलेल्या थडग्यावर नाव आहे 'जेम्स आर. कर्क'. पुढे तो कायमचा 'जेम्स टी.' झाला. दगडावरचा 'आर' तसाच राहिला.

स्टारडेटचं गणित पुढच्या मालिकेत, म्हणजे नेक्स्ट जनरेशनमध्ये, सोपं झालं. पाच आकडी तारीख, सुरुवात चारने, दुसरा आकडा सीझनचा. पहिला सीझन ४१ हजारांत, सातवा ४७ हजारांत. मूळ मालिकेत मात्र चार आकडी तारखा मागेपुढे उड्या मारतात.

पण या उड्या कधीकधी कामाला येतात. १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान' या चित्रपटात खलनायक खान यानावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो. खान मालिकेत आला तो 'स्पेस सीड' या भागात, फेब्रुवारी १९६७ मध्ये. चेकॉव्ह पडद्यावर आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, दुसऱ्या सीझनला. मग भेट झाली कधी? वहीत दोन ओळी समोरासमोर लिहिल्यात: 'स्पेस सीड', ३१४१.९. आणि चेकॉव्ह असलेला 'कॅट्सपॉ', ३०१८.२. तारखेने पाहिलं तर खान यायच्या आधीपासून चेकॉव्ह यानावर होता. लेखकांनी हे मुद्दाम केलेलं नाही. पण हिशेब जुळतो.

[दृश्य: भाचीचं बोट आकड्यावर]

"मामा, हा सात उलटा लागलाय बघा."

उलटा नाही. उलटाच हवाय.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या मालिकेतल्या निम्म्या कोड्यांचं मूळ आकडे चिकटवण्याच्या कामात आहे.

मूळ मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाचा नंबर एनसीसी-१७०१. तो मॅट जेफ्रीज या आर्ट डायरेक्टरने ठरवला. 'एनसी' ही अमेरिकन विमानांच्या नोंदणीची जुनी अक्षरं. जेफ्रीज स्वतः विमानं उडवत. आकडे निवडताना त्यांनी ३, ६, ८ आणि ९ टाळले. दुरून, हलत्या वस्तूवर, हे आकडे एकमेकांसारखे दिसतात. फाळक्यावर नंबर टाकणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागत नाही: रात्री मागच्या गाडीच्या उजेडात तीन आणि आठ एकच. १, ७, ०, १ मध्ये तसा घोळ होत नाही.

चित्रीकरणाचं मोठं मॉडेल सव्वाअकरा फुटांचं, बहुतेक लाकडाचं. १९६४ मध्ये रिचर्ड डेटिन आणि व्होल्मर जेन्सनच्या वर्कशॉपमधल्या कारागिरांनी ते केलं. दिवे नंतर बसवले, आणि त्यांच्या वायरी काढायच्या कुठून, हा प्रश्न आला. त्या डाव्या बाजूने काढल्या. त्यामुळे डावी बाजू कॅमेऱ्याला दाखवण्याजोगी उरली नाही. यान बहुतेक वेळा डावीकडून उजवीकडे जाताना दिसतं याचं कारण एवढंच. उलट दिशेला न्यायचं असेल तर मॉडेलवर आरशातले आकडे चिकटवून चित्रीकरण करायचं आणि फिल्म पलटवायची. म्हणून हा उलटा सात.

[दृश्य: चार आकडे टेबलावर सरकवले जातात. १७०१ चे १०१७ होतात]

आता हे पाहा. १९६७ चा भाग 'द डूम्सडे मशीन'. एंटरप्राइझसारखंच दुसरं यान, कॉन्स्टेलेशन, मोडक्या अवस्थेत सापडतं. दुसरं मोठं मॉडेल करायला पैसा नव्हता. बाजारात एएमटी कंपनीचं प्लास्टिकचं किट मिळत होतं, सुमारे १८ इंचांचं. तेच आणलं, चटके देऊन मोडकं केलं. नंबर? किटमध्ये स्टिकर मिळतात ते १७०१ चेच. तेच चार आकडे वेगळ्या क्रमाने लावले: १०१७.

स्टिकर लावणाऱ्याचं काम पाच मिनिटांचं. पण या जातीच्या यानांचे नंबर सतराशेच्या पुढे असतील तर हे एकच हजाराच्या घरात कसं? जुनं यान दुरुस्त करून नवं केलं म्हणून जुना नंबर राहिला, असं स्पष्टीकरण चाहत्यांनी तयार केलं. विश्वाचा इतिहास लिहिला गेला तो किटच्या स्टिकर शीटवर आणखी आकडे नव्हते म्हणून. नाव मात्र लेखकांचं होतं.

डॉक्टर मॅककॉयच्या हातातली शस्त्रक्रियेची काही हत्यारंही मिठाच्या डब्या आहेत, बाजारातून आणलेल्या, थोड्या बदललेल्या. आणि यानाच्या भिंतीतली, शिडी लावलेली दुरुस्तीची नळी मालिकेत 'जेफ्रीज ट्यूब' म्हणून ओळखली जाते. ते नाव आर्ट डायरेक्टरचं, सहकाऱ्यांनी गमतीने दिलेलं. कारागिराचं नाव कथेत शिरायची वाट अशी असते, चोरून.

[दृश्य: व्हिनाइल सोलणं. चिमटा]

परत पॅनलकडे.

मूळ मालिकेत रंगीत रेझिनची बटणं आणि खरे दिवे होते. १९८७ मध्ये एवढा खर्च झेपणारा नव्हता. मायकल ओकुडा या ग्राफिक कलाकाराने सपाट पॅनल सुचवलं: काळ्या फिल्मवर पारदर्शक अक्षरं, मागे रंगीत जिलेटिन, पुढे अॅक्रिलिक, आत दिवे. बटण नाहीच. स्वस्त, आणि दिसायला पुढच्या शतकातलं. या पॅनलांना पुढे 'ओकुडाग्राम' हेच नाव पडलं.

जालन्यात फिल्मऐवजी व्हिनाइल आहे, म्हणून अडचणी वेगळ्या. काळं राहिलं पाहिजे आणि अक्षर निघालं पाहिजे. 'ए', 'बी', 'ओ' या अक्षरांच्या पोटातला काळा ठिपका मात्र निघता कामा नये. अक्षर तीन मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो ठिपका चिमट्याबरोबर येतोच. म्हणून सगळ्यात लहान मजकूर पाच मिलिमीटरचा ठेवलाय.

तीन मिलिमीटर जाडीचं पारदर्शक अॅक्रिलिक. त्यावर साबणाचं पाणी फवारायचं, व्हिनाइल ठेवायचं, स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, मधून कडेला पाणी काढायचं. कोरडं लावलं तर बुडबुडे अडकतात आणि दिवा लागल्यावर प्रत्येक बुडबुडा दिसतो. मागून जिलेटिन, नाटकाच्या लाइटला लावतात तेच. गोंद फक्त कडेला, कारण मध्ये लावलेला गोंद उजेडात डागासारखा दिसतो.

त्यामागे दुधी अॅक्रिलिक आणि एलईडी पट्ट्या. बारा व्होल्ट, मीटरला साठ दिवे. पट्ट्यांमध्ये पाच सेंटिमीटर अंतर असेल तर दुधी शीटही त्यांच्यापासून किमान पाच सेंटिमीटर पुढे हवी, नाहीतर उजेडाचे ठिपके दिसतात. चार मीटर पट्टीला साधारण ५८ वॉट लागतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या सरांनी म्हणून साठऐवजी शंभर वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घेतलाय. सगळी पट्टी एका टोकाकडून जोडली तर दुसरं टोक फिकं पडतं, म्हणून वायर दोन्ही टोकांना. आणि पत्र्याखालचा मे महिना: व्हिनाइलचा गोंद ढिला होऊन कडा सरकतात. कडेला अॅल्युमिनियमची पट्टी दाबली आहे ती त्यासाठी.

[दृश्य: दिवा लागतो. पॅनल]

आता मजकूर वाचा. ओकुडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माहीत होतं की त्या काळच्या टीव्हीवर एवढी बारीक अक्षरं कोणी वाचू शकणार नाही. मग रिकामी जागा भरायला त्यांनी हवं ते लिहिलं. दवाखान्याच्या पॅनलवर रुग्णाचा वैद्यकीय विमा किती शिल्लक आहे त्याचा रकाना. इंजिन विभागात यानाचा भलामोठा उभा छेद आहे, त्यात एक बदक आणि एक उंदीर. 'अप द लाँग लॅडर' या भागात जुन्या यानाच्या मालाच्या यादीत 'योयोडाइन' कंपनीची इंजिनं. ही कंपनी आधी थॉमस पिंचनच्या कादंबरीत आणि मग १९८४ च्या 'बकारू बान्झाय' या चित्रपटात आलेली. छोट्या यानांची नावंही पाहण्यासारखी. 'ओनिझुका', चॅलेंजर दुर्घटनेत गेलेल्या अंतराळवीराचं. 'एल-बाझ', अपोलो मोहिमांच्या उतरण्याच्या जागा निवडणाऱ्या भूवैज्ञानिकाचं.

आणि ४७. चौथ्या सीझनपासून हा आकडा सगळीकडे: ४७ माणसं, ४७ मिनिटं, ४७ टक्के. लेखक जो मेनोस्की पोमोना कॉलेजचे, तिथे १९६४ पासून ४७ ही विद्यार्थ्यांची गंमत आहे.

[दृश्य: टीव्ही, पॉज केलेला, फक्त रिमोट दिसतो]

शोधायची पद्धत अशी. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांना न सांगता. दोघांचं जुळलं तरच पक्की शाई, नाहीतर पेन्सिल. स्ट्रीमिंगवर बारीक अक्षरं धुतली जातात, म्हणून डिस्कच. वेळ लिहिताना डिस्कची जातही लिहायची. फिल्मवरून केलेली 'पाल' (PAL, टीव्ही-चित्राची एक पद्धत) डिस्क सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमनी चालते. पन्नास मिनिटांचा भाग अठ्ठेचाळीसमध्ये संपतो आणि दुसऱ्याने सांगितलेल्या वेळेला भलतंच दृश्य येतं.

बाकी वही भराभर उलटू. क्लिंगॉन या परग्रहावरच्या लोकांच्या कपाळाला १९७९ मध्ये अचानक उंचवटे आले. १९९६ मध्ये त्यावर विनोद झाला, २००५ मध्ये कारण दिलं गेलं. नेक्स्ट जनरेशनमधल्या डेटा या यंत्रमानवाचं मांजर, स्पॉट, आधी बोका होतं आणि जातही वेगळी. १९९४ मध्ये त्याला पिल्लं झाली. 'व्हॉयेजर' या नंतरच्या मालिकेतल्या यानावर १९९५ मध्ये सांगितलं की टॉर्पेडो ३८ आहेत आणि नवे मिळणार नाहीत; सात सीझनमध्ये त्याहून कितीतरी जास्त डागले गेले. असल्या विसंगती निस्तरायला अधिकृत कालपट आणि कोशही छापले गेले.

[दृश्य: वहीतलं शेवटचं भरलेलं पान]

२०१२ पासून नेक्स्ट जनरेशनची मूळ फिल्म पुन्हा स्कॅन करून ब्लू-रे आली. बदक स्पष्ट दिसू लागलं. पॅनलवर कॅमेऱ्याच्या दिव्यांची चमक येऊ नये म्हणून कामगारांनी चिकटवलेले काळे पुठ्ठेही दिसू लागले. आणि काही गोष्टी दुरुस्त केल्या गेल्या. १९९१ च्या 'डार्मोक' या भागात किरणांचा मारा टॉर्पेडोच्या नळीतून होत होता. ब्लू-रेमध्ये तो योग्य जागेवरून होतो.

वहीत 'डार्मोक'ला म्हणून दोन ओळी आहेत. मूळ मालिकेच्या ब्लू-रेवर जुने आणि नवे दोन्ही विशेष परिणाम निवडता येतात. नेक्स्ट जनरेशनच्या डिस्कवर ती सोय नाही. ज्यांनी १९९१ मध्ये तो किरण चुकीच्या जागी काढला, त्यांचं काम पाहायचं तर जुनी डीव्हीडीच लावावी लागते, आणि या दुकानात ती लावलेली आहे.