पोट सुटलेली अक्षरं

पडद्यावर दिसतोय तो 'मोदक'. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या मंडळींचा फॉन्ट. देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. आधी हाताने कागदावर रेखाटली, मग संगणकावर आली. फुकट मिळतो, धंद्यासाठीही वापरता येतो.

अक्षर जाड करायचं म्हणजे रेघ फुगवायची, असं आपल्याला वाटतं. रोमन 'ओ' फुगवा, आत टिंबाएवढं भोक ठेवा, झालं काम. आता 'क्ष' फुगवून दाखवा. किंवा 'ष्ट्य'. वर शिरोरेघ, खाली शेपटं, मधे गाठी, त्यात वेलांटी आली की संपलंच. जागा आणायची कुठून? 'मोदक'मध्ये अक्षराच्या पोटातली पांढरी जागा जवळजवळ संपवलीये. सुरीच्या टोकाने द्यावी तशी एक चीर तेवढी राहिलीये. म्हणजे आपण वाचतो ते काळं नाही, ती चीर वाचतो. उकडीच्या मोदकाचं तेच. कळ्या पुसून टाका, हातात नुसता पांढरा गोळा उरतो.

ही चीर बुजली की काय होतं, ते मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय. एका गाडीवाल्या काकांसाठी ॲप्रन करायचे होते. शब्द एकच: 'भजी'. जेमतेम इंचभर उंचीचा, तोही स्क्रीन प्रिंटिंगने. कापडावर शाई पसरते हे ठाऊक असून मी विसरलो. 'भ' आणि 'म' यांत फरक केवढा? एक छोटी गाठ आणि शिरोरेघेतली फट. दोन्ही बुजल्या. पेशवाईत 'ध'चा 'मा' झाला म्हणतात, आमच्याकडे 'भ'चा 'म' झाला. वीस ॲप्रनवर 'मजी'! काका म्हणाले, "राहू दे रे, लोक विचारायला तरी थांबतील." मला काही ते बघवेना. अक्षरांना कापडाच्या रंगाची बारीक किनार देऊन चिरा रुंद केल्या, आकार दुप्पट केला आणि नवी स्क्रीन काढली.

म्हणून दुकानाची पाटी, बालनाट्याचं पोस्टर, खाऊचं पाकीट असं काही असेल तर 'मोदक' घ्या. दोन-तीन शब्द, मोठे. खालचा पत्ता आणि फोन नंबर त्यात नको. त्याला एकच वजन, म्हणजे रेघेची जाडी, आहे, ते भरपूर आहे. सोबतीला मी याच मंडळींचा 'बलू २' घेतो. तोही गुबगुबीत, पण पाच वजनांत मिळतो, त्यामुळे पत्ताही निभावतो. शिवाय लिपी बदलली की 'बलू'च्या नावापुढचं नातं बदलतं: गुजरातीत 'भाई', तमिळमध्ये 'तंबी', बंगालीत 'दा', गुरुमुखीत 'पाजी'. फॉन्टच्या यादीत असा गोतावळा मी दुसरा पाहिलेला नाही.

बरं, आता कागद काढा. जाड मार्करने 'भ' आणि 'म' शेजारी शेजारी. पांढरं जेवढं कमी ठेवता येईल तेवढं ठेवा. मग शेवटच्या रांगेतल्यांना वाचायला सांगू.